रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

माझ्या मावशीने बांगड्या घालणं सोडलं त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. मनगटाला काच टेकली की तिला खरचटल्यासारखं वाटायचं, आणि भांडी घासताना बांगड्या खाली-वर झाल्या की कळ थेट कोपरापर्यंत जायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मोकळ्या हातांनी गेली, तेव्हा एका बाईने सगळ्यांसमोर विचारलं. त्यानंतर तिने हळदीकुंकवाला जाणंच बंद केलं. तिच्या कपाटात साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी आहे. तीत दोन एमआरआय, मानेचे आणि कमरेचे एक्स-रे, संधिवाताच्या रक्ततपासण्या, थायरॉइड, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व असं सगळं तारखेप्रमाणे लावून ठेवलेलं आहे. प्रत्येक कागदाच्या शेवटी निष्कर्ष तोच, विशेष काही आढळलं नाही. शेवटच्या डॉक्टरांनी पिशवी परत देताना सांगितलं, "ताई, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका." घरी आल्यावर ती मला म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलतेय का गं?"

गेल्या साठ वर्षांत वेदनेवर जे संशोधन झालं, त्याचं या प्रश्नाला उत्तर स्पष्ट आहे. ती खोटं बोलत नव्हती. जखम नसताना, सांधा सुजलेला नसताना, नस दबलेली नसतानाही माणसाला खरीखुरी, मोजता येण्याजोगी वेदना होऊ शकते, कारण वेदनेचा हिशेब ठेवणारी मज्जासंस्थाच बदललेली असते. हे ज्ञान प्रयोगशाळेतून दवाखान्याच्या टेबलापर्यंत यायला फार वेळ लागतो आहे, आणि त्या वेळाची किंमत मावशीसारखी माणसं मोजत आहेत.

दुखतंय म्हणजे तिथेच काहीतरी बिघडलंय, ही समजूत आपल्या हाडीमासी मुरलेली आहे. बहुतेक वेळा ती बरोबरही असते. काटा रुतला की टाच दुखते, काटा निघाला की थांबते. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी या समजुतीला चित्र दिलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १६६० च्या दशकात छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा दाखवलेला आहे. पायापासून मेंदूपर्यंत जणू एक दोरी गेली आहे. आगीने दोरी ओढली जाते आणि वर घंटा वाजते. जेवढी आग, तेवढी घंटा.

आजच्या आपल्या दवाखान्यांतही हीच घंटा वाजते. कंबर दुखते म्हणून एमआरआय काढायचा, त्यात काहीतरी दिसतंच, आणि मग "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य पेशंटच्या डोक्यात कायमचं रुतून बसतं. पण ज्यांना काहीच दुखत नाही, अशा माणसांच्या मणक्यांत काय दिसतं? २०१५ साली ब्रिंजिकजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक अशा लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. पाठदुखी नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. बाहेर फुगलेली चकती विशीत ३० टक्क्यांना होती. म्हणजे फिल्मवर दिसणारी झीज पुष्कळदा केस पिकण्यासारखी असते. उलट बाजूनेही तसंच. गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून नवा बसवला, शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी साधारण पाचांतल्या एकाला पुढेही त्रासदायक दुखत राहतं. दोरीचं टोक बदललं, घंटा तशीच.

दोरी आणि घंटेचं नातं सरळ नाही याची खूण युद्धातही मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. ते शुद्धीवर होते, बोलत होते. बीचर यांनी हे १९४६ मध्ये लिहिलं. जखम मोठी असून वेदना लहान असू शकते हे लोकांना पटलं, कारण त्यात शौर्य दिसतं. जखम नसून वेदना मोठी असू शकते हे मात्र अजून पटत नाही, आणि मला यातला दुजाभाव नेहमी टोचतो.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात नवा विचार मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शरीराकडून येणारे संदेश तिथून पुढे जातात, पण ते किती जातील हे इतर संवेदना आणि मेंदूकडून खाली येणारे आदेश ठरवतात. कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो आणि बरं वाटतं, त्याचा अर्थ या मांडणीत लागला. त्या सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण एक गोष्ट कायम झाली. वेदना शरीरातून जशीच्या तशी वर जात नाही. वाटेत तिच्यावर काम होतं.

हे काम किती दूरवर बिघडू शकतं, ते क्लिफर्ड वुल्फ यांनी लंडनमध्ये दाखवलं. १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा प्रयोग या विषयाचा कणा आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. उंदराचा पाय आखडून घेण्याची प्रतिक्रिया ज्या मज्जापेशींतून होते, त्यांची नोंद ते घेत होते. पायाला भाजल्याची इजा केल्यावर त्या पेशी साध्या स्पर्शालाही जोराने उत्तर देऊ लागल्या. यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. भाजलेली जागा भूल देऊन पूर्ण बधिर केली, म्हणजे तिकडून येणारे संदेश तोडले, तरी तो चढलेला ताव लगेच उतरला नाही. इजा पायाला झाली होती आणि बदल मज्जारज्जूत शिल्लक राहिला होता. या अवस्थेला पुढे केंद्रीय संवेदनशीलता असं नाव पडलं. तिथल्या पेशी कमी संदेशावर पेटतात, जास्त वेळ पेटलेल्या राहतात, आणि एरवी फक्त स्पर्शाची बातमी नेणारे तंतूही वेदनेच्या पेशींना जागं करू लागतात. काचेची बांगडी मनगटावर सरकणं हा स्पर्शच. तो मावशीच्या मज्जारज्जूत पोचेपर्यंत स्पर्श राहत नव्हता.

ही अवस्था मुळात आपल्या भल्यासाठीच आहे. घोटा मुरगळला की आजूबाजूची धड कातडीसुद्धा हुळहुळते, आपण पाय टेकत नाही आणि आतली इजा भरून यायला सवड मिळते. इजा भरते, आणि हळूहळू मज्जासंस्थाही पहिल्या जागी येते. काही माणसांत ती येत नाही.

का येत नाही, याच्या उत्तराचा एक मोठा भाग वरून खाली येणाऱ्या वाटांत आहे. मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका भागाला विजेची हलकी चेतना दिली, तर उंदरावर भूल न देता शस्त्रक्रिया करता येते, असं डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी १९६९ मध्ये दाखवलं. मेंदूत वेदना दाबणारी स्वतःची यंत्रणा आहे हे त्यातून कळलं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर आणखी एक प्रयोग केला. नुसत्या खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना अफूचा परिणाम उलटवणारं नॅलोक्झोन दिल्यावर तो आराम नाहीसा झाला. म्हणजे भरवशाने मिळणारा आराम ही शरीरातल्या खऱ्या रसायनांची करामत होती. हे कळलेल्या माणसाला "मनाचे खेळ" हे शब्द तुच्छतेने वापरता येऊ नयेत. निरोगी माणसाचा एक हात बर्फाच्या पाण्यात ठेवला, तर दुसरीकडची वेदना कमी भासते, कारण ही दाबणारी वाट कामाला लागते. सर्वांगदुखीच्या अनेक रुग्णांत हा परिणाम क्षीण असतो. येणारं पाणी वाढलेलं आणि वरचा नळ बंद होत नाही, अशी दुहेरी अडचण.

सर्वांगदुखीचं ठळक नाव म्हणजे फायब्रोमायल्जिया. मावशीचं निदान अखेर तेच झालं. या दुखण्याच्या नावांचा प्रवासच बोलका आहे. ब्रिटिश डॉक्टर विल्यम गावर्स यांनी १९०४ मध्ये 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला, त्यात तंतूंचा दाह अभिप्रेत होता. दाह काही सापडला नाही. १९७६ पासून 'फायब्रोमायल्जिया' म्हणजे तंतू-स्नायूंचं दुखणं हे नाव रुळलं. १९९० मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने अंगावरचे १८ बिंदू ठरवले, त्यांतले ११ दाबल्यावर दुखले की निदान पक्कं. २०१० मध्ये बिंदूंची अट काढून दुखऱ्या भागांची संख्या, थकवा, झोपेने न येणारी तरतरी आणि विचारांतला धूसरपणा यांना महत्त्व दिलं गेलं. जगभरच्या पाहण्यांत प्रौढांपैकी साधारण दोन ते चार टक्क्यांना हे दुखणं असतं, आणि त्यांत बायका जास्त.

२००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि सहकाऱ्यांनी सोळा रुग्ण आणि सोळा निरोगी माणसं घेतली आणि त्यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला, त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. रुग्णांनी जेवढं दुखतंय म्हणून सांगितलं, तेवढं दुखायला निरोगी माणसांना जवळपास दुप्पट दाब लागला. आणि त्या दोन वेगवेगळ्या दाबांना दोघांच्या मेंदूंतले वेदनेशी संबंधित बरेचसे भाग सारखेच उजळले. रुग्ण वाढवून सांगत असते, तर मेंदूचं चित्र त्यांच्या शब्दांशी असं जुळलं नसतं. झोपेचा धागा याहून जुना आहे. टोरांटोतल्या हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ च्या सुमारास निरोगी तरुणांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मोडली, तेव्हा त्यांचंही अंग दुखू लागलं आणि स्नायू दाबल्यावर हुळहुळू लागले.

एवढं साठल्यावर नाव देणं भागच होतं. तोपर्यंत वेदनेचे दोन खण मानले जात होते. एक, ऊतींना इजा झाल्याने होणारी वेदना. दुसरा, मज्जातंतूंनाच इजा झाल्याने होणारी, उदाहरणार्थ मधुमेहातली तळपायांची आग. २०१६ मध्ये स्वीडनच्या एवा कोसेक आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या खणाला 'नोसिप्लास्टिक' हा शब्द सुचवला आणि वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढल्या वर्षी तो स्वीकारला. ऊतींची वा तंतूंची इजा स्पष्ट दिसत नाही, तरी वेदनेच्या प्रक्रियेत बदल झालेला आहे, असा त्याचा आशय. २०२० मध्ये याच संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली. इजेशी निगडित किंवा तशा अनुभवासारखा अप्रिय अनुभव, असं त्यात आलं आणि कुणी आपली वेदना सांगितली तर तिचा मान राखावा, हेही सोबतच्या टिपणात लिहिलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'दीर्घकालीन प्राथमिक वेदना' हे स्वतंत्र निदान आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली वेदना स्वतःच आजार असू शकते, हे त्यात मान्य झालं.

तरीही या तिसऱ्या खणाबद्दल मला धास्ती वाटते. ज्याचं कारण कळत नाही ते सगळं त्यात टाकून मोकळं होण्याचा मोह मोठा आहे. २०२१ मध्ये लंडन, लिव्हरपूल आणि स्वीडनच्या संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली. उंदरांना दाब आणि गारवा जास्त झोंबू लागला. काही आठवड्यांनी प्रतिपिंडं निघून गेली, तशी ती लक्षणंही गेली. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी असं काही झालं नाही. ती प्रतिपिंडं मज्जारज्जूच्या बाहेरच्या मज्जागंडांपाशी जाऊन चिकटत होती. याआधीच काही रुग्णांच्या कातडीतले बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले होते. म्हणजे 'सगळं मेंदूतच' असं ठासून सांगणाऱ्यांनाही थांबावं लागेल. शिवाय हे खण एकमेकांना बंद नाहीत. आमवाताच्या रुग्णालाही सोबत फायब्रोमायल्जिया असू शकतो, आणि तेव्हा सांध्याची सूज उतरूनही त्याचं दुखणं उतरत नाही.

आपल्याकडे तर आधी गाळणी लावावीच लागते. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडं मऊ पडून सगळं अंग दुखतं. थायरॉइड मंद असला तरी दुखतं. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग इथे अजून आहे. वजन घटत असेल, रात्री ताप येत असेल, पायांतली शक्ती जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर तो संवेदनशीलतेचा प्रश्न नव्हे, तातडीचा आहे. मावशीची पिशवी म्हणून वाया गेलेली नव्हती. वाया गेला तो पिशवी पाहून झाल्यावरचा वेळ, कारण त्यानंतर कुणी काही बोललंच नाही.

महाराष्ट्रात या दुखण्याचा माग काढणारी एक चांगली पाहणी झाली आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची नोंद सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चाललेल्या उपक्रमाचा तो भाग होता. गावातल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना असं दुखणं होतं, बायकांमध्ये जास्त, आणि त्यातलं बरंचसं ठरलेल्या संधिवातांच्या नावांत बसत नव्हतं. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर दुखणारच, असं म्हणून आपण हा आकडा बाजूला सारतो. पुढे २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर कितीतरी घरांत "तेव्हापासून अंग दुखतंच आहे" हे वाक्य रुळलं. ताप आठवड्यात उतरला, सांध्यांचं दुखणं काहींना महिनोन्‌महिने पुरलं. संसर्ग गेल्यावर मज्जासंस्था आपल्या ठिकाणी परतली नाही, ही शक्यता अशा प्रत्येक माणसाच्या बाबतीत तपासायला हवी. निव्वळ वयाला किंवा स्वभावाला दोष देणं हा अन्याय आहे.

उपचारांचं चित्र प्रामाणिकपणे सांगायचं तर मध्यम आहे. साध्या पेनकिलर गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही, कारण दाह नाही. अफूवर्गीय औषधं दीर्घकाळ घेतली तर काहींची संवेदनशीलता उलट वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायब्रोमायल्जियासाठी २००७ मध्ये प्रेगाबॅलिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन मान्य केलं. ड्युलोक्सेटिन आणि जुनं अॅमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची औषधं म्हणून ओळखली जातात, आणि चिठ्ठीवर ते नाव वाचून रुग्ण दुखावतात. खरं तर ती मेंदूकडून खाली येणाऱ्या त्याच दाबणाऱ्या वाटेला बळ देतात. हे दोन मिनिटांत समजावता येतं, आणि समजावलं नाही तर गोळ्या कचऱ्यात जातात. फायदा मात्र माफक असतो. प्रेगाबॅलिन दहा जणांनी घेतली तर खोट्या गोळीपेक्षा जास्तीचा ठळक फायदा साधारण एकाला होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये प्राथमिक वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या, अफूवर्गीय औषधं आणि प्रेगाबॅलिनचा गट, यांतलं काहीही नव्याने सुरू करू नये असा सल्ला दिला. त्यांची पसंती व्यायामाला, विशिष्ट मानसोपचारांना आणि निवडक नैराश्यविरोधी औषधांना आहे. महासागराच्या दोन बाजूंना दोन मतं, आणि पुरावा जवळजवळ तोच.

मला सर्वांत बोलका वाटतो तो कोलोराडोतला प्रयोग. दीर्घकाळच्या पाठदुखीच्या १५१ लोकांपैकी एका गटाला चार आठवडे एक वेगळी उपचारपद्धती दिली गेली. तुमची पाठ मोडलेली नाही, मेंदू धोक्याची खोटी सूचना देतो आहे, हे त्यांना त्यांच्याच अनुभवांतून दाखवलं गेलं, आणि भीतीने टाळलेल्या हालचाली हळूहळू करवून घेतल्या. या गटातले ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. खोट्या इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण २० टक्के, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. वर्षभराने फायदा बराचसा टिकून होता. एकाच ठिकाणचा, बऱ्यापैकी शिकलेल्या आणि मध्यम दुखण्याच्या लोकांवरचा हा प्रयोग आहे, म्हणून तो डोक्यावर घेऊन नाचायला नको. पण "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य केवढं नुकसान करत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

व्यायाम हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. दुखऱ्या माणसाला "चालायला जा" सांगणं सोपं. मावशीचं काय व्हायचं, तर एखादा दिवस बरा उजाडला की ती माळा झाडायची, पडदे धुवायची, दिवाळीचं सगळं आवरायची, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. मग पुन्हा काहीच नाही. फिजिओथेरपिस्टने तिला बऱ्या दिवशीही दहाच मिनिटं चालायला सांगितलं आणि वाईट दिवशीही दहाच. आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. तिला हे इतकं क्षुल्लक वाटलं की ती चिडली. आज ती पस्तीस मिनिटं चालते. दुखणं गेलेलं नाही. झोप बरी लागते, आणि दुखलं की घाबरत नाही.

तिचा मुद्दा ज्या दिवशी ऐकून घेतला गेला, त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. शहरातल्या एका वेदना चिकित्सालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवी बाजूला ठेवली, तिच्या अंगठ्याचं नख हलकेच दाबलं आणि विचारलं, "मावशी, कसं दुखतं ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही." वेदनेला शब्द लागतात हे मेलझॅक यांनी १९७५ मध्येच ओळखलं होतं. त्यांनी ७८ शब्दांची प्रश्नावली बनवली. मावशीला प्रश्नावलीची गरज पडली नाही. "सकाळी उठले की अंग ठेचून काढल्यासारखं असतं," ती म्हणाली. "मानेत रग. दुपारी पिंढऱ्या भरून येतात. बोटं चुरचुरतात, नुसता वारा लागला तरी. रात्री खुबा ठणकतो. आणि मध्येच कुठूनतरी सणक जाते, अशी, इथून इथवर." बाई लिहून घेत होत्या. 'सणक' म्हणजे नेमकं कसं, असं त्यांनी पेन थांबवून विचारलं.